‘शारदा’ नाटकातील विवाहव्यवहाराची भाषा

भोर हे पंतसचिवांचे संस्थान. राजगड आणि तोरणा ज्यात येतात तो वेल्ह्याचा डोंगरी मुलूख त्याच संस्थानात मोडत असे. संस्थान १९४८ मध्ये विलीन झाले. परंतु अशा घराण्यांच्या नावामागे लागणारा ‘श्रीमंत’ हा शब्द मराठीत दोन अर्थांनी नांदत राहिला. तो अधिकाराची उपाधी आहे, तसेच केवळ धनवानाचे विशेषणही आहे. प्रतिष्ठा आणि पैसा एकाच शब्दात मावतात, ही गोष्ट गोविंद बल्लाळ देवल (१८५५-१९१६) यांच्या ‘संगीत शारदा’ (१८९९) या नाटकाच्या विचारात उपेक्षणीय नाही.

धनाढ्य वृद्ध भुजंगनाथ, पैशाला लोभावलेला पिता कांचनभट आणि मध्यस्थ भद्रेश्वर दीक्षित यांच्यात जो व्यवहार ठरतो, तो वस्तुतः विक्रय होय. महाराष्ट्रातील अनेक शेतकरी समाजांत वधूमूल्यास ‘देज’ असे उघड नाव होते. स्मृतिकारांनीही द्रव्य देऊन होणाऱ्या विवाहास ‘आसुर’ ठरवून त्याचा निषेध केला. उच्चवर्णीय समाजात मात्र तोच व्यवहार ‘कन्यादान’ या पवित्र शब्दाआड चालतो. देवलांचा उपहास मुख्यतः या शब्दांतरावर आहे. पात्रांची नावेही त्यास साहाय्य करतात: पित्याच्या नावात सोने आहे, वराच्या नावात सर्प, तर तरुण कोदंडाच्या नावात रामाचे धनुष्य. वराच्या वयाचा हिशेब मांडणारे प्रसिद्ध पद वार्धक्य नाकारता नाकारताच ते सिद्ध करते. व्याजोक्तीचा इतका सुलभ नमुना मराठी रंगभूमीवर विरळा.

येथवर देवलांचे यश निर्विवाद आहे. प्रश्न उरतो तो शेवटाचा. विवाह मोडतो तो वधूची संमती नाही म्हणून नव्हे, तर वधूवर सगोत्र निघाले म्हणून; आणि कोदंडाशी तिचा विवाह मान्य होतो तो शंकराचार्यांच्या निर्णयाने. शारदेचे भय आणि दुःख पदांतून उत्कटतेने प्रकट होते, परंतु निर्णयाचे वाक्य तिच्या मुखी येत नाही. ज्या शास्त्रभाषेने विक्रयास दान म्हटले, तिच्याच आधारे नायिकेची सुटका व्हावी, हा नाटकातील खरा अंतर्विरोध होय. तत्कालीन प्रेक्षकास पटेल असा दुसरा मार्ग नव्हता, हे समर्थन ऐतिहासिक दृष्ट्या योग्य असले तरी वाङ्मयीन दृष्ट्या अपुरे आहे.

१९२९ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्यास ‘सारडा कायदा’ हे नाव हरबिलास सारडा यांच्यावरून पडले. नाटकाशी त्याचे साम्य योगायोगाचे आहे. त्या कायद्याने मुलीच्या विवाहवयाची किमान मर्यादा १४ वर्षे ठरविली. वराच्या वयास वरची मर्यादा घातली नाही. म्हणजे भुजंगनाथाचा मार्ग कायद्याने पूर्णतः बंद झाला नव्हता. तो बंद होण्यास वधूचा नकार हाच निर्णायक ठरावयास हवा. आणि देवलांचे नाटक नेमके त्या नकाराच्या उंबरठ्यावर थांबते.