राम वाईरकर : चित्रकथेतील कर्तृत्वाचा प्रश्न

मराठी समीक्षेने कथा, कादंबरी, नाटक व काव्य यांचा विचार पुष्कळ केला. लोकसाहित्यालाही तिने अलीकडे आपल्या कक्षेत घेतले. तथापि ज्या वाङ्मयप्रकाराने गेल्या पन्नास वर्षांत लक्षावधी मुलांना कृष्ण, शिवाजी वा बिरबल यांचे पहिले दर्शन घडविले, त्या चित्रकथेकडे मात्र तिने जवळजवळ पाठच फिरविली. ती पोरांच्या करमणुकीची बाब आहे, असे समजून विद्वानांनी ती सोडून दिली; आणि चित्रकारांनी ती 'शुद्ध' कलेत बसत नाही म्हणून टाळली. परिणाम असा झाला की, 'अमर चित्रकथे'चा जनक कोण या प्रश्नाचे उत्तर कोणीही चटकन देतो; पण त्या मालेतील कृष्ण कोणाच्या हाताने उतरला, असे विचारल्यास बहुतेक जण गप्प बसतात. तो हात राम वाईरकर यांचा होता. प्रस्तुत लेखात त्यांच्या कामगिरीचे गुणदोष पाहावयाचे असून, त्या निमित्ताने चित्रकथेचा कर्ता कोणाला म्हणावे, या मूलभूत प्रश्नाचा विचार करावयाचा आहे.

प्रथम पार्श्वभूमी थोडक्यात सांगितली पाहिजे. मुंबईच्या टाइम्स ऑफ इंडिया संस्थेने १९६४ मध्ये 'इंद्रजाल कॉमिक्स' ही माला सुरू केली. तिच्यातील वेताळ हा परदेशी नायक होता व त्याची चित्रेही परदेशीच होती. या मालेशी संबंध आलेले अनंत पै यांना १९६७ मध्ये दिल्लीच्या दूरदर्शनवरील एका प्रश्नमंजूषेत असे दिसले की, ग्रीक पुराणांची माहिती असलेल्या आपल्या मुलांना रामाच्या आईचे नाव सांगता येत नाही. हा प्रसंग पै स्वतः अनेकदा सांगत. पुढे इंडिया बुक हाउसच्या आश्रयाने त्यांनी 'अमर चित्रकथा' उभी केली. या मालेतील पहिले दहा क्रमांक पाश्चात्त्य परीकथांचे होते. अकराव्या क्रमांकाचा 'कृष्ण' १९७० च्या सुमारास निघाला, आणि मालेचा खरा प्रारंभ येथूनच मानावा लागतो. या 'कृष्णा'ची चित्रे वाईरकरांची आहेत.

या कामाची अडचण किती मोठी होती, हे आज सहसा लक्षात येत नाही. कृष्णाचे रूप त्या वेळी नव्याने कल्पावयाचे नव्हते; ते आधीच ठरून गेले होते. रविवर्म्याच्या शिळाछापांनी आणि त्यामागून आलेल्या दिनदर्शिकांनी ते घरोघरच्या भिंतींवर नेले होते. दादासाहेब फाळके यांनी १९१९ च्या 'कालियामर्दना'त आपल्या कन्येला, मंदाकिनीला, बालकृष्ण करून ते पडद्यावर हलते केले होते. १९३८ मध्ये प्रभातच्या 'गोपालकृष्णा'ने त्याला वाणी दिली होती. म्हणजे चित्रकाराच्या पुढे कोरा कागद असला, तरी वाचकाच्या मनाची पाटी कोरी नव्हती. रूढ रूप सोडावे तर वाचक त्याला कृष्ण म्हणून ओळखणार नाही. आणि तेच जसेच्या तसे उचलावे तर कथा पुढे सरकणार नाही.

ही दुसरी अडचण विशेष विचारार्ह आहे. भिंतीवरचा देव भक्ताकडे तोंड करून उभा असतो. तो दर्शन देण्यासाठी असतो, काही करण्यासाठी नव्हे. म्हणूनच त्याला पाठ नसते. चित्रकथेतील देवाला मात्र पाठ असावीच लागते. त्याला धावावे लागते, झाडावर चढावे लागते, डोहात उडी घ्यावी लागते. एका चौकटीत जवळून आणि दुसरीत गर्दीतला एक म्हणून लहान दिसावे लागते. आणि इतके होऊनही पानोपानी तो तोच आहे, अशी वाचकाची खात्री पटावी लागते. 'कृष्णा'त वाईरकरांनी हे साधले, हीच त्यांची पहिली मोठी कामगिरी होय. त्यांचा बालकृष्ण गुबगुबीत व प्रसन्न आहे, म्हणजे दिनदर्शिकेशी त्याचे नाते आहे. पण त्याच्या अंगात चपळाई आहे, ती दिनदर्शिकेतली नव्हे. आरंभीचे अंक खर्चाच्या अडचणीमुळे पिवळा, निळा व हिरवा अशा मोजक्या रंगांत छापले जात. त्यामुळे रंगाच्या वैभवावर भिस्त ठेवण्याची सोय चित्रकाराला नव्हती. आकृतीचा सारा भार बाह्यरेषेवर पडला, आणि त्या रेषेने तो पेलला.

एवढे श्रेय देऊन झाल्यावर दोषाकडेही वळले पाहिजे. नंदिनी चंद्रा व कार्लीन मॅकलेन या अभ्यासकांनी या मालेवर स्वतंत्र ग्रंथ लिहिले आहेत, आणि मालेतील वर्ण, जात व स्त्रीरूप यांच्या चित्रणाची चिकित्सा आता बरीच झाली आहे. देव आणि राजे उजळ व रेखीव, तर असुर काळेसावळे, धिप्पाड आणि बेढब, हा या मालेचा जणू नियमच होऊन बसला. मालेच्या पायाशी असलेल्या चित्रकाराला या दोषातून सर्वस्वी मोकळे करता येत नाही. हा संकेत आधीच्या छापील चित्रांतून व बोलपटांतून आला, असे समर्थन करता येईल. परंतु आपल्या लोकपरंपरेत याहून निराळा मार्ग उपलब्ध होता, हे विसरता कामा नये. रत्नागिरी जिल्ह्यातील नमन-खेळ्यांत संकासुर येतो. त्याचा वेष काळा, डोक्यावर उंच टोकदार टोपी, छातीवर रुळणारी दाढी. आणि तरीही तो गावाचा आवडता असतो. मुले त्याला भितात व त्याच्याच मागे धावतात. तो असुर आहे, पण तुच्छ नाही. छापील चित्रकथेतील असुराच्या वाट्याला हा जिव्हाळा आला नाही. तो केवळ मारला जाण्यापुरता उरला. चित्रकथेने पुराण मुलांपर्यंत नेले हे खरे. पण नेताना त्यातली ही माणुसकी वाटेत गळाली.

लोकपरंपरेचा उल्लेख निघालाच आहे, तर कोकणातील चित्रकथीचाही येथे विचार केला पाहिजे. चित्रे दाखवून कथा सांगणाऱ्यांचा उल्लेख बाराव्या शतकातील 'मानसोल्लासा'त सापडतो. कुडाळजवळचे पिंगुळी हे गाव या कलेचे जिवंत केंद्र आहे. १९८१ मध्ये सिंधुदुर्ग जिल्हा वेगळा होईपर्यंत ते रत्नागिरी जिल्ह्यातच होते. तेथील ठाकर समाजाचे कलावंत रामायण-महाभारतातील आख्यानांची सुटी चित्रे 'पोथी' म्हणून बांधून ठेवतात, आणि एकामागून एक चित्र पुढे धरीत वाद्यांच्या साथीने कथा गातात. या कलेसाठी परशुराम गंगावणे यांना २०२१ मध्ये पद्मश्री मिळाली. मोठाल्या डोळ्यांच्या, बाजूने दिसणाऱ्या या आकृती स्वतः हलत नाहीत. त्यांना हलविण्याचे काम गाणाऱ्याचा आवाज करतो. छापील चित्रकथेत तो आवाज फुग्यात कोंडला गेला, आणि हालचालीची जबाबदारी चित्रावर आली. दोन्ही प्रकारांत साधर्म्य शोधणारे पुष्कळ आहेत. आमच्या मते त्यांतील भेदच अधिक बोधप्रद आहे. चित्रकथीकाराच्या घरात चित्र आणि कथन एकाच परंपरेच्या मालकीचे असते. छापील मालेत संपादक एक, संहिताकार दुसरा, चित्रकार तिसरा. म्हणूनच कर्तृत्वाचा प्रश्न पिंगुळीत उपस्थित झाला नाही, मुंबईत झाला.

वाईरकरांच्या रेषेला स्वतःचा चेहरा लाभला तो मात्र पुराणात नव्हे, विनोदात. १९८० मध्ये सुरू झालेल्या 'टिंकल' या मासिकात १९८३ साली सुपांडी अवतरला. तिरुचिरापल्लीच्या एका वाचकाने पाठविलेल्या तमिळ लोककथांतून हा मूर्ख नोकर आला. कथा आली ती शब्दांत. तिला देह दिला वाईरकरांनी. लांबुडके डोके, त्यावरचा केसांचा झुपका, काटकुळे हातपाय आणि मुद्रेवरची अढळ निरागसता. येथे रविवर्मा नाही, बोलपट नाही, भिंतीवरचे कोणतेही चित्र नाही. कृष्ण त्यांना परंपरेने दिला होता. सुपांडी त्यांनी परंपरेला दिला.

सुपांडीचा विनोद भाषेचा आहे. मालक जे बोलतो, ते तो अक्षरशः पाळतो. म्हणण्यातला अर्थ सोडून शब्द तेवढा उचलतो. असा विनोद लेखी कथेत चटकन साधतो. चित्रात तो अवघड असतो, कारण शब्दाचा विपर्यास डोळ्यांना दिसत नाही, त्याचा परिणाम तेवढा दिसतो. वाईरकरांनी यावर योजलेला उपाय साधा आहे. गोंधळ कितीही वाढो, मालकाचा चेहरा कितीही लाल होवो, सुपांडीचा चेहरा शांत राहतो. आपण चुकलो, हे त्याच्या मुद्रेवर कधी उमटत नाही. आणि त्या न उमटण्यातच हशा आहे. नोकराला हास्यास्पद ठरविणे हे वरच्या वर्गाच्या सोयीचे आहे, असा आक्षेप येथे घेता येईल, आणि तो निराधार नाही. परंतु चित्रे नीट पाहिली, तर शेवटी केस उपटीत बसलेला दिसतो तो मालक; नोकर सुखी असतो. हुकूम देणाऱ्याच्या भाषेतील फट दाखवून देणारा हा मूर्ख, आमच्या समजुतीप्रमाणे, 'कृष्णा'तील असुरांपेक्षा संकासुराच्या अधिक जवळचा आहे. पुराणचित्रांत जो जिव्हाळा हरवला, तो वाईरकरांना येथे परत सापडला.

आता मूळ प्रश्नाकडे येऊ. फिलिपाईन्समधील चित्रकथेचा इतिहास या संदर्भात ताडून पाहण्यासारखा आहे. तेथे 'लिवायवाय' या साप्ताहिकात १९२९ मध्ये 'केनकॉय' ही चित्रमालिका सुरू झाली. शब्द रोमुआल्दो रामोस यांचे व चित्रे टोनी व्हेलास्केझ यांची होती. परंतु फिलिपिनो चित्रकथेचे जनक म्हणून तो देश व्हेलास्केझ यांनाच, म्हणजे चित्रकारालाच, ओळखतो. त्यांच्यानंतरचे फ्रान्सिस्को कोचिंग यांना २०१४ मध्ये मरणोत्तर 'राष्ट्रीय कलावंत' हा तेथील सर्वोच्च किताब देण्यात आला. आपल्याकडे जनकत्वाचा मान संपादकाकडे गेला. अनंत पै यांची दृष्टी, चिकाटी व संघटनाशक्ती असामान्य होती, यात वाद नाही. त्यांच्यावाचून ही माला निघालीच नसती. परंतु माला काढणे ही एक गोष्ट आणि चित्रकथा रचणे ही दुसरी.

यावर कोणी असे म्हणेल की, चित्रकथा ही सामुदायिक निर्मिती आहे. तिला एक कर्ता शोधणेच चूक. या म्हणण्यात तथ्य आहे. पण मग मान एकाच संपादकाला का, याचे उत्तर त्यातून मिळत नाही. शिवाय हात निराळे ओळखू येतात. प्रताप मुळीकांचा 'शिवाजी' पाहावा : तेथे स्नायूंची व शस्त्रांची आवड आहे, वीररसाची भरदार मांडणी आहे, हाच कुंचला पुढे 'नागराजा'कडे वळला, यात आश्चर्य नाही. वसंत हळबे यांच्या शिकारी शंभूचे डोळे टोपीखाली कायमचे झाकलेले. त्यांचा विनोद लपविण्याचा आहे, तर वाईरकरांचा उघड्या चेहऱ्याचा. संपादक एकच असताना हे भेद उरतात, ते चित्रकारांचेच असले पाहिजेत.

याहून निर्णायक असा एक मुद्दा आहे. 'अमर चित्रकथे'ची संहिता मूळ इंग्रजीत लिहिली जाई व मागून मराठी, हिंदी इत्यादी भाषांत उतरे. भाषांतरात शब्द बदलले, लिपी बदलली, फुग्यातील मजकूर कमीजास्त झाला. बदलले नाही ते फक्त चित्र. रत्नागिरीतील मुलाने मराठीत आणि मद्रासच्या मुलाने इंग्रजीत जो 'कृष्ण' वाचला, त्यात दोघांना समान असे जे होते, ते वाईरकरांची रेषा हेच होते. ज्या कृतीचा कायम राहणारा अंश चित्रकाराचा आहे, तिच्या कर्तृत्वातून त्याला वगळणे तर्काला धरून नाही.

वाईरकरांच्या निधनानंतर त्यांच्या कन्या अर्चना आंबेरकर यांनी सुपांडीची रेखाटने पुढे चालविली. चित्रकथीच्या पोथीप्रमाणे येथेही कला घरातून घरात गेली, हा योगायोग सुखद आहे. पण पोथी जपणारे घर असते. स्वस्त कागदावरचे मासिक रद्दीत जाते. १८२८ पासून ग्रंथ सांभाळणाऱ्या रत्नागिरीच्या नगर वाचनालयासारख्या संस्थांनी आणि विद्यापीठीय विभागांनी या अंकांचे संच मिळवून जपावेत, त्यांची चित्रकारनिहाय सूची करावी, एवढी विनंती येथे करावीशी वाटते. हे काम प्रतिभेचे नाही, खतावणीचे आहे. परंतु ते झाल्यावाचून पुढचा अभ्यास होणार नाही. वाईरकरांच्या चित्रांत उणिवा आहेत, त्या आम्ही झाकल्या नाहीत. मात्र उणिवांची चर्चासुद्धा कर्त्याच्या नावानेच व्हावी, हा त्याचा किमान अधिकार होय. तो त्यांना अजून मिळावयाचा आहे.