वेदनेचे शब्द आणि ऐकणारे कान

व्हर्जिनिया वुल्फ या विख्यात इंग्रज लेखिकेचा ‘ऑन बीइंग इल’ हा निबंध १९२६ सालीं प्रसिद्ध झाला. आजारपणासारख्या सार्वत्रिक अनुभवाला वाङ्मयांत मानाचें स्थान कां नसावें, हा त्यांचा सवाल. आणि साधी डोकेदुखी सांगूं गेलें तरी भाषा थिटी पडते, ही त्यांची तक्रार. हा निबंध आम्हीं अनेक वर्षें महाविद्यालयांत शिकविला, आणि ही तक्रार आम्हांला दर वेळीं निर्विवाद वाटत आली. आज ती तशी वाटत नाहीं. याचें कारण वाङ्मयीन नसून घरगुती आहे; पण तें सांगितल्यावांचून पुढील विवेचनास अर्थ येणार नाहीं.

आमच्या वडील भगिनीस कित्येक वर्षें सर्वांगास वेदना होत. रात्रभर झोपूनहि ती सकाळीं थकलेलीच उठे. रक्ताच्या तपासण्या झाल्या, क्ष-किरणांचीं छायाचित्रें झालीं. सारें निर्दोष निघालें. ‘अक्का, मनाला फार लावून घेऊं नकोस,’ हा उपदेश तिला दुसऱ्या कोणीं नव्हे, आम्हींच केला. पुढें एका डॉक्टरांनीं या दुखण्याचें नांव सांगितलें: फायब्रोमायाल्जिया. तें ऐकून अक्का रडली. औषध मिळालें म्हणून नव्हे. आपण खोटें बोलत नव्हतों, एवढें ठरलें म्हणून.

आतां आठवूं लागलें म्हणजे ध्यानांत येतें कीं, शब्दांची उणीव तिला कधींच पडली नव्हती. खांद्यांत ठणका आहे, पाठींत उसण भरली आहे, पोटऱ्यांत गोळे येतात, मांड्या भरून आल्या आहेत, अंग ठेचून काढल्यासारखें झालें आहे, असें ती रोज सांगे. कळ निराळी, चमक निराळी, ठसठस निराळी. वुल्फबाईंच्या इंग्रजीचें कांहींहि असो, आमच्या घरांतील मराठी बाईला शब्द अपुरे पडत नाहींत. अपुरे पडतात ते कान.

वैद्यकशास्त्रानेंहि हा धडा उशिराच घेतला. १९९० सालीं अमेरिकेंतील संधिवाततज्ज्ञांच्या संस्थेनें या आजाराचे निकष ठरविले. सर्वांगास तीन महिने वेदना असावी, आणि शरीरावरील १८ ठराविक जागा बोटानें दाबल्यास निदान ११ ठिकाणीं दुखावें, असे ते होते. २०१० च्या निकषांनीं ही दाबादाबी वगळली. दुखतें कोठें कोठें, झोपेनें थकवा जातो कीं नाहीं, लक्ष लागतें काय, हें रोग्यासच विचारावें असें ठरलें. बोटाची जागा कानानें घेतली!

ज्युडिथ हर्मन या अमेरिकन मनोविकारतज्ज्ञ बाईंचा ‘ट्रॉमा अँड रिकव्हरी’ (१९९२) हा ग्रंथ आम्हांला याच कारणानें महत्त्वाचा वाटतो. रणांगणावरून परतलेला शिपाई आणि स्वतःच्या घरांत छळ सोसलेली स्त्री यांच्या मनावरील आघात एकाच जातीचे आहेत, असें त्यांचें प्रतिपादन आहे. सावरण्याच्या त्यांनीं तीन पायऱ्या सांगितल्या आहेत: आधीं सुरक्षितता, मग स्मरण व शोक, आणि शेवटीं माणसांशीं पुन्हां जडलेलें नातें. एकट्यानें कोणी सावरत नाहीं, हें ग्रंथाचें सार होय. व्हिएटनामच्या युद्धांतून परतलेले शिपाई १९७० च्या सुमारास आपापसांत जमून बोलूं लागले. त्यांनीं लावून धरलें म्हणूनच १९८० सालीं त्यांच्या व्याधीस अधिकृत सूचींत नांव मिळालें.

मात्र हा ग्रंथ घाईनें वाचणाऱ्यांपासून सावध राहिलें पाहिजे. फायब्रोमायाल्जिया झालेल्या अनेकांच्या पूर्वायुष्यांत मोठा आघात आढळतो. सर्वांच्या आढळत नाहीं. प्रत्येक दुखऱ्या स्त्रीच्या भूतकाळांत जखम उकरीत बसणें म्हणजे आमचाच जुना उपदेश पांडित्याच्या भाषेंत पुन्हां करणें होय. खुद्द हर्मनबाईंना ही उकराउकर मान्य नाहीं. सुरक्षिततेचा आरंभ त्या झोप, जेवण, व्यायाम अशा शारीरिक गोष्टींपासूनच करतात. अनुकरण करणारे नेमका हाच भाग सोडून देतात, आणि ग्रंथाचें खरें बळ तर तेथेंच आहे. युरोपांतील संधिवाततज्ज्ञांनीं २०१६ सालीं या आजारावरील उपायांचा आढावा घेतला, तेव्हां ठाम शिफारस एकट्या व्यायामाचीच केली. पण ज्याला जिना चढणें हें संकट, त्यानें व्यायाम करावा कोणाच्या आधारानें?

अक्कापुरतें याचें उत्तर शेजारच्या तिघींनीं दिलें आहे. संध्याकाळीं त्या तिच्याबरोबर चालावयास जातात. ती थांबली कीं त्याहि थांबतात, आणि कां थांबलीस असें कोणी विचारीत नाहीं. दुखणें गेलेलें नाहीं, तें जाईल असेंहि आम्ही म्हणत नाहीं. पण अक्का आतां दुखणें लपवीत नाहीं.

वुल्फबाईंचा निबंध आम्ही यापुढेंहि शिकवूं, कारण तो सुंदर आहे. फक्त भाषेच्या दारिद्र्याविषयीं बोलून झालें म्हणजे श्रोत्याच्या दारिद्र्याविषयींहि दोन शब्द बोलूं. आणि त्या दरिद्री श्रोत्यांत प्रथम स्वतःचें नांव घालूं.