दहा सेकंदांची तसवीर

खडवलीला भातसा नदीकाठी आमच्या उर्दू शाळेची सहल गेली होती, तेव्हाची एक तसवीर आमच्यापाशी आहे. कॅमेरा खडकावर ठेवला, टायमर लावला आणि दहा सेकंदांत धावत जाऊन आम्ही मुलींच्या रांगेत बसलो. चेहरा अर्धवट वळलेला, ओढणी उडालेली. जाणकार तिला सदोष म्हणतील. पण तिच्यात नदी आहे, पलीकडची झाडे आहेत, सगळ्या मुली आहेत आणि एरवी फोटोत कधीच नसणारा, फोटो काढणाराही आहे.

सेल्फीत हे साधत नाही. हात जेवढा लांब तेवढेच अंतर. चेहरा मोठा, नदी नावापुरती. टायमर आजच्या मोबाइलमध्येही असतो, पण त्यासाठी मोबाइल हातातून सोडावा लागतो. स्वतःकडे दुरून पाहण्याची तयारी लागते. आमच्या मते तसविरीची खरी कला या अंतरात आहे.

१८४० साली फ्रान्सच्या इपोलीत बायार यांनी बुडून मेलेल्या माणसाच्या रूपात स्वतःचीच तसवीर काढली. छायाचित्रणाची पद्धत त्यांनीही शोधली होती, सरकारी मान मात्र दागेर यांना मिळाला. मरण लटके होते, तक्रार खरी होती. भातसेत मात्र सहलीला आलेली माणसे खरोखर बुडाली आहेत. पाण्याकडे पाठ करून मागे सरकणाऱ्याला खोली दिसत नाही.

म्हणून आम्ही मुलींना सांगतो, आधी कॅमेऱ्यासाठी पक्का खडक शोधा, मग स्वतःसाठी.