मुखवट्यात ठेवलेले नृत्य : शांती बर्धन यांची कारकीर्द

नर्तकाला मृत्युपत्र करता येत नाही. घर, शेत, ठेवी, दागिने यांची व्यवस्था तो दोन साक्षीदारांसमक्ष लिहून ठेवू शकेल. परंतु ज्या मिळकतीमुळे लोक त्याला ओळखत होते ती त्याच्या खांद्यांत, गुडघ्यांत आणि श्वासात असते, व तिचा ताबा वारसाला देण्याची दस्तऐवजी रीत अजून कोणी काढलेली नाही. वकिली करणाऱ्याला असा विचार सुचावा यात नवल नाही. मला तो सुचला मात्र न्यायालयाबाहेर, भोपाळच्या श्यामला टेकडीवर, शांती बर्धन यांचे ‘रामायण’ पाहताना. आम्ही राहतो साकेत नगरात. साकेत हे अयोध्येचेच नाव. पण अयोध्येची कथा पाहावयास आम्हांला शहर ओलांडून मोठ्या तलावाच्या काठी जावे लागले. तेथून जवळच भारत भवन आहे. ते १९८२ साली उघडले व त्याची वास्तुरचना चार्ल्स कोरिया या मूळ गोमंतकीय घराण्यातील वास्तुशिल्पकाराने केली, हे या मासिकाच्या वाचकांस सांगावयास नकोच.

‘रामायण’ पाहिले त्या वेळी त्याच्या कर्त्याला जाऊन अर्धशतक लोटले होते. तरीही समोर जे चालले होते ते एखाद्या जुन्या कृतीची आठवण वाटत नव्हते. माणसे कळसूत्री बाहुल्यांसारखी चालत होती : कोपर दुमडलेले, गुडघे ताठ, मान आधी वळे आणि धड मागाहून. ज्यांनी पिंगुळीच्या ठाकरांच्या बाहुल्या पाहिल्या आहेत त्यांना ही चाल परकी वाटणार नाही. तेथे लाकडाची बाहुली माणसासारखी व्हावयास धडपडते. येथे माणूस आपण होऊन लाकडात शिरतो. प्रयोग संपल्यावर मागील बाजूस एक तरुण नर्तक मुखवटा काखेत धरून चहा पीत उभा होता. शांती बर्धन यांच्याविषयी काय ठाऊक आहे, असे विचारले तर म्हणाला, “फोटो पाहिला आहे.” पण पेला धरलेला त्याचा हात कोपरात अगदी तसाच दुमडलेला होता.

हे कसे घडले, हा या लेखाचा प्रश्न आहे.

बर्धन यांचा जन्म १९१६ सालचा, पूर्व बंगालातील कोमिल्ला येथला. मणिपुरी नृत्यात त्यांनी प्रावीण्य मिळविले आणि उदय शंकर यांच्या अल्मोडा येथील कलाकेंद्रात ते दाखल झाले. उदय शंकर हे आपल्याकडील ‘बॅले’ या शब्दाचे जवळजवळ जनक. पायाच्या बोटांवर उभे राहण्याच्या युरोपीय पद्धतीशी या शब्दाचा आपल्याकडे फारसा संबंध उरला नाही. अनेक नर्तक, एक कथा, एक संगीतरचना व त्यांना बांधणारा एक रचनाकार, एवढाच त्याचा अर्थ झाला. परंतु उदय शंकर यांचे नृत्य बहुतांशी त्यांच्या देहातच वसत होते. ‘कल्पना’ हा १९४८ चा चित्रपट नसता तर त्यातले किती उरले असते, याची मला शंका आहे.

बर्धन यांची वाट येथून वेगळी झाली. १९४३ च्या दुष्काळाने बंगाल उजाड झाला, आणि त्या सुमाराची कलावंतांची एक पिढी इप्टा या लोकनाट्यसंघाकडे वळली. इप्टाचे केंद्रीय पथक मुंबईस अंधेरी येथे एकत्र राहत असे. त्या पथकाची नृत्यनाट्ये बर्धन यांनी बसविली; त्यांतील एकाला, ‘अमर भारत’ला, रवि शंकर यांचे संगीत होते. येथे नर्तक मागे सरला व रचनाकार पुढे आला. माझ्या समजुतीप्रमाणे रचनाकाराच्या आत दडलेला वेषकारही येथेच जागा झाला असावा. दरबारात किंवा दिवाणखान्यात नर्तकीची भुवई हलली तरी पुरे असते. मैदानाच्या टोकाला बसलेल्या गिरणी कामगाराला भुवई दिसत नाही. त्याला दिसते ती आकृती : रेषा, कोन, रंगाचा मोठा पट्टा. दुरून वाचता येईल असे शरीर घडवावयाचे तर ते नुसत्या तालमीने घडत नाही, त्याला वेष द्यावा लागतो.

१९५२ साली मुंबईत ‘लिटल बॅले ट्रूप’ निघाला आणि ‘रामायणा’त हा विचार पूर्णत्वास गेला. मुखवट्याने मुखाभिनयाचे दार बंद झाले. मग हर्ष, क्रोध, भय यांना वाट उरली ती मानेतून आणि खांद्यांतून. अंगावरचा वेष असा कोनाकोनांचा की तो घातलेल्या नर्तकाला मऊ, गोलाकार हालचाल शोभूच नये. आपण नेपथ्य व वेषभूषा यांना अलंकार समजतो : नृत्य आधी, साज मागाहून. बर्धन यांच्याकडे हा क्रम राहिला नाही. वेष हीच नृत्याची लिपी झाली. पुस्तकात जे अक्षर करते ते येथे मुखवटा करतो. ज्याने तो चढविला त्याला ठराविक रीतीनेच मान वळवावी लागते, मग त्याने गुरूला पाहिले असो वा नसो. नर्तकापेक्षा भूमिका टिकाऊ झाली. या कामात अप्पुण्णी कर्ता यांच्यासारख्या सहकाऱ्यांचा हातही होता. मुखवटे करणाऱ्यांची नावे आपल्या समीक्षेत बहुधा येत नाहीत, म्हणून येथे मुद्दाम घेतो.

क्षयाने बर्धन यांचे शरीर पोखरले आणि १९५४ साली, चाळिशीही न गाठता, ते गेले. ‘पंचतंत्रा’ची रचना त्यांनी आजारपणातच केली. क्षयामुळे ते रचनाकार झाले, असली भावुक उपपत्ती मला मान्य नाही. रचनाकार ते आधीपासूनच होते. तथापि ज्याला स्वतः उठून पाऊल टाकून दाखविता येत नाही, त्याला दुसऱ्याच्या देहातच विचार करावा लागतो, एवढे म्हणणे सत्याला सोडून होणार नाही.

या दोहोंत मला ‘पंचतंत्र’ सरस वाटते. हे मत अनेकांना रुचणार नाही. ‘रामायणा’त बाहुलीपणाने विनोद आणि वीररस खुलतो; करुण मात्र कोमेजतो. सीतेचे दुःख ताठ कोपरांत मावत नाही. प्रेक्षक युक्तीला दाद देतो आणि सीतेला विसरतो. उलट ‘पंचतंत्रा’त कावळा, उंदीर, कासव, हरीण यांच्या चाली निरीक्षणातून आलेल्या आहेत. दोरी नाही, म्हणून तेथे जीव आहे. मित्रलाभाची साधी गोष्ट. पण माणूस प्राण्याची नक्कल करीत नसून त्याचे वजन, त्याची भीती, त्याचे थबकणे अंगावर घेत आहे, असे वाटते.

येथे पार्वतीकुमार यांची आठवण होते. ते आपले, मराठी. तेही मुंबईच्या नृत्यनाट्यांच्या त्याच काळातले, पण पुढे भरतनाट्यमकडे वळले व तंजावरच्या सरफोजीराजांच्या मराठी नृत्यरचनांच्या मागे लागले. सरस्वती महाल ग्रंथालयात शब्द शाबूत होते, नृत्य हरवले होते. पार्वतीकुमारांनी ते पुन्हा उभे केले. बर्धन यांची स्थिती नेमकी उलटी. नृत्य शाबूत, लेख नाही.

ते शाबूत राहिले याचे पहिले श्रेय गुल बर्धन यांचे. नर्तकी म्हणून आलेल्या गुल पतिनिधनानंतर स्वतः नृत्यरचना करू लागल्या, पण सर्वांत आधी त्या या ठेव्याच्या विश्वस्त झाल्या. १९६४ मध्ये त्यांनी संस्थेचा संसार ग्वाल्हेरला आणि पुढे भोपाळला हलविला. १९९२ साली बर्धन यांच्यावरील ग्रंथ त्यांनी संपादिला. २०१० साली पद्मश्री मिळाली व त्याच वर्षी त्या निवर्तल्या. छप्पन्न वर्षांचे हे विश्वस्तपण आहे. पण कायद्यात विश्वस्ताला मिळकत सांभाळता येते, मालकाप्रमाणे मोडतोड करता येत नाही. आणि कलेत कधी कधी मोडतोडच हवी असते. प्रभात गांगुली यांच्यासारख्या समर्थ रचनाकाराने याच संस्थेत काम केले. तरीही माझ्या परिचयातील रसिकांना विचारावे, तर ते ‘रामायणा’पलीकडे नाव सांगत नाहीत. जो वेष नृत्याला वाचवितो तोच त्याला वाढू देत नाही, हा आक्षेप मला टाळता येत नाही. सीतेचा खांदा थोडा सैल करावा, असे कोणा नर्तकीला वाटले असेल तर त्या मुखवट्याने तिला तसे करू दिले नसणार.

आता कायद्याचे. १९५७ च्या स्वामित्वहक्क अधिनियमाने नृत्यरचनेला नाट्यकृतीत जागा दिली आहे; अट एवढीच की तिची मांडणी लेखी ‘किंवा अन्यथा’ निश्चित झालेली असावी. हे शब्द १९११ च्या ब्रिटिश कायद्यातून जसेच्या तसे आले आहेत. या ‘अन्यथा’त मुखवटा बसतो काय? वकील म्हणून मी सावध राहीन. समीक्षक म्हणून मी ‘होय’ म्हणतो. बर्धन यांना कर्ते धरले, तर मृत्यूनंतरची साठ वर्षांची मुदत २०१४ अखेर संपली. म्हणजे ‘रामायण’ आज कोणीही करावे. कायद्याची हरकत नाही.

पण करणार कशावरून? मुखवटा मान सांगतो, ताल सांगत नाही. कोपर सांगतो, रावण नेमक्या कोणत्या मात्रेला थांबतो ते सांगत नाही. ते अजून त्या नर्तकांच्या अंगात आहे, ज्यांनी या भूमिका वर्षानुवर्षे केल्या. त्यांतील पुष्कळ आता वृद्ध आहेत. त्यांच्याजवळ बसून भूमिकेगणिक, पावलागणिक ते उतरवून घेतले पाहिजे, आणि मुखवट्यांची मापेही त्याच वहीत टिपली पाहिजेत.