सेट, सेटर, सेटल

इंग्रजीतलं सगळ्यात जास्त अर्थांचं क्रियापद कोणतं? क्विझमधलं जुनं उत्तर ‘सेट’. ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाच्या १९८९च्या दुसऱ्या आवृत्तीत या एका क्रियापदाचे ४३०च्या आसपास अर्थ दिले होते, आणि ती नोंद होती जवळपास ६० हजार शब्दांची. म्हणजे एक जाडजूड कादंबरीच. पुढे तिसऱ्या आवृत्तीच्या कामात ‘रन’नं ६४५ अर्थ घेऊन त्याला मागे टाकलं आणि क्विझवाल्यांनी उत्तर बदललं. मला अजून ‘सेट’मध्येच जास्त रस आहे, कारण मी तळेगाव दाभाड्यात राहतो. चाकण, भोसरी, पिंपरीच्या या पट्ट्यात हा शब्द नोकरीच्या जाहिरातीत असतो, चहाच्या टपरीवर असतो आणि लग्नाच्या बोलणीतही असतो.

पण अर्थ किती, ही मोजणी मला फसवी वाटते. ज्या क्रियापदाला शेकडो अर्थ असतात, त्याचा स्वतःचा अर्थ खरं तर फार थोडा असतो. शेजारी जे नाम येईल त्याचा रंग ते घेतं. मराठीत ‘लावणे’ घ्या: दिवा लावणे, झाड लावणे, नाट लावणे, वेळ लावणे, सूर लावणे, वेड लावणे. यातलं नेमकं काय सगळीकडे सारखं आहे, ते एका वाक्यात सांगून बघा. त्यामुळे इंग्रजी श्रीमंत आणि मराठी गरीब असं या आकड्यांवरून काहीही ठरत नाही. विचारायचा प्रश्न वेगळा आहे. जिथे इंग्रजी माणूस ‘सेट’ म्हणतो, तिथे आपण काय म्हणत होतो, आणि आता काय म्हणतो?

यादी करू. गजर आपण लावतो. दही लावतो, आणि ते नीट झालं की दही ‘लागलं’ म्हणतो. सापळा लावतो, आग लावतो. बुद्धिबळाचा पट मांडतो, संसारही मांडतो. तारीख ठरवतो. प्रश्नपत्रिका काढतो. सूर्य मावळतो. अंगठीत खडा बसवतो, निखळलेलं हाड बसवतो. इतक्या ठिकाणी इंग्रजीला एकच शब्द पुरतो.

‘काढणे’ तर फारच गमतीचं आहे. १९०८ साली तळेगावात पैसा फंडाचा काच कारखाना सुरू झाला. स्वदेशीच्या दिवसांत लोकांकडून एकेक पैसा गोळा करून उभा राहिलेला. इंग्रजीत असा कारखाना ‘सेट अप’ करतात, म्हणजे वर उभा करतात. मराठीत कारखाना ‘काढतात’. दुकान काढतात, शाळा काढतात, पेपर काढतात. जणू वस्तू आधीपासून आत कुठेतरी होती आणि आपण ती बाहेर ओढली. यातलं बरोबर कुठलं, असा प्रश्नच नाही. जगाकडे बघायची ही दोन वेगळी चित्रं आहेत, आणि शब्द बदलला की चित्र बदलतं.

आता आपल्या खिशातला फोन मराठीत करून बघा. तिथे ‘सेटिंग्ज’ आहेत, ‘अलार्म सेट करा’ आहे, वॉलपेपरही ‘सेट’च करायचा आहे. ‘सेटिंग्ज’बद्दल माझी तक्रार नाही. ‘मांडणी’, ‘रचना’, ‘व्यवस्था’ यातलं काहीही त्या दाते-चाकाच्या चित्राखाली लिहिलं तरी लोक ते ‘सेटिंग्ज’च म्हणणार. पण गजरासाठी ‘लावा’ हा दोन अक्षरी शब्द घराघरात जिवंत असताना ‘सेट करा’ लिहिणं हा निव्वळ आळस आहे. इंग्रजी वाक्यातलं क्रियापद उचललं, पुढे ‘करा’ चिकटवलं, झालं भाषांतर. तिथे मराठी बोलणाऱ्या माणसाचा कान वापरलेला नाही.

या ‘करा’कडेही जरा थांबून बघायला हवं. फारसी-अरबीतून शब्द आले तेव्हा त्यातल्या काहींना आपण सरळ ‘णे’ लावलं. ‘बदल’वरून ‘बदलणे’ झालं, ‘फर्मावणे’ आलं. आज ‘बदलणे’ परकं आहे असं कुणाला वाटतही नाही. इंग्रजी क्रियापदांचं तसं सहसा होत नाही. ‘सेटणे’ कुणी म्हणत नाही. सेट करणे, चेक करणे, डाऊनलोड करणे. पाहुणा घरात येतो, पण ‘करणे’चा हात धरूनच. काम सगळं ‘करणे’ करतं आणि आपली बाकीची क्रियापदं, लावणे, मांडणे, काढणे, बसवणे, हळूहळू रिकामी होत जातात. शब्द उसना घेण्यात तोटा नाही. तोटा आहे तो या पाच-सहा क्रियापदांमधला फरक विसरण्यात.

याच्या उलट उदाहरण माझ्या गावाच्या आसपासच्या वर्कशॉपांत सापडतं. ‘सीएनसी सेटर पाहिजे’ अशा पाट्या इथे जागोजागी असतात. सेटर म्हणजे ऑपरेटरच्या वरची पायरी. जॉब चकमध्ये पकडायचा, टूल लावायचं, झिरो घ्यायचा, प्रोग्रॅम हळू चालवून बघायचा, पहिला पीस काढून मोजायचा. तो पास झाला की मशीन ऑपरेटरच्या हातात द्यायचं. टूलची धार झिजली की फरक पडलेले मायक्रॉन ‘ऑफसेट’मध्ये टाकायचे. मापं जुळेपर्यंत जे एक-दोन पीस वाया जातात ते ‘सेटिंग पीस’. हे सगळं वर्णन पुन्हा वाचा: पकडणे, लावणे, घेणे, काढणे, मोजणे. मराठी क्रियापदं इथे ठणठणीत आहेत आणि ‘सेटिंग’ हे त्या सगळ्या कामाचं एकत्र नाव आहे. हा शब्द कामगारानं कमावलेला आहे. त्याच्या जागी ‘यंत्रजुळणीकार’ आणून बसवणाऱ्या शुद्धिवाद्यांना मी हात जोडतो. फोनमधला ‘सेट’ मराठी क्रियापदाला हाकलतो. शॉपफ्लोअरवरचा ‘सेट’ त्यांना कामाला लावतो. उसन्या शब्दाची परीक्षा मी अशीच घेईन.

गो. नी. दांडेकर याच तळेगावात राहत. ‘पडघवली’त त्यांनी कोकणातली बोली कानानं टिपली, ‘माचीवरला बुधा’ त्यांनी राजमाचीच्या डोंगरात नेला. आज या गावाभोवती जी बोली घडते आहे, ऑफसेट, रिजेक्शन, ओटी, सेकंड शिफ्ट यांनी भरलेली, तिच्याकडे तसाच कान देणारी कादंबरी मला वाचायची आहे.

दरम्यान ‘सेटिंग’ला मराठीत एक वेगळाच पाय फुटला आहे. ‘त्याची आतून सेटिंग आहे’, ‘टेंडरची सेटिंग झाली’, ‘त्या दोघांची सेटिंग चालू आहे’. हे अर्थ लंडनहून आलेले नाहीत, ते आपण घडवले. पहिल्या दोन अर्थांसाठी आपल्याकडे ‘साटंलोटं’ होतं. पण ‘साटंलोटं’ ऐकताच त्यात दोष दिसतो, बोलणारा नाक मुरडूनच बोलतो. ‘सेटिंग’मध्ये ते नाक मुरडणं गेलं. मशीन सेट करण्याइतकंच माणूस सेट करणंही कौशल्याचं काम झालं. परक्या शब्दाचा हाही एक उपयोग असतो. लाज वाटू नये म्हणून तो घेतात.

आता या शब्दाचं घराणं बघू. इंग्रजीत ‘सिट’ म्हणजे बसणे, आणि ‘सेट’ हे त्याचंच प्रयोजक रूप, म्हणजे बसायला लावणे. सरळ मराठीत: बसणे, बसवणे. ‘सीट’, खुर्चीशी नातं सांगणारं ‘सेटल’, सायकलचं ‘सॅडल’, लॅटिनमार्गे आलेले ‘सेशन’ आणि ‘प्रेसिडेंट’ हे सगळे त्याच कुळातले. संस्कृतातला ‘सद्’ धातूही तोच. त्यातून सदन, सदस्य, परिषद, संसद आले. संसदेचं सेशन म्हणताना आपण एकच मूळ दोनदा उच्चारतो. डिनर सेटमधला ‘सेट’ मात्र निम्मा उपरा आहे. त्याच्यात ‘सेक्ट’, म्हणजे पंथ, या शब्दाचं लॅटिन मूळ मिसळलेलं आहे. आपलं ‘बसणे’ ‘सद्’पासून नाही, ‘उपविश्’पासून आलं. पण दोन्ही भाषांनी एकच युक्ती केली. बसण्यापासून बसवणं काढलं आणि मग त्याला जगभर फिरवलं. गणपती बसवला, नाटक बसवलं, दात बसवला, वचक बसवला, घडी बसवली.

फरक पडतो तो पुढे. मराठीत ‘बसणे’ला एक काळी बाजू आहे. धंदा बसतो, आवाज बसतो, पावसात भिंत बसते. आणि माणूस घरी बसतो. ‘कंपनीनं घरी बसवलं’ हे वाक्य या पट्ट्यात कुणाला समजावून सांगावं लागत नाही.

म्हणून मला ‘सेटल’ या शब्दाची सगळ्यात जास्त भीती वाटते. ‘मुलगा सेटल आहे का?’ या प्रश्नात पगार, परमनंट नोकरी, फ्लॅट सगळं आलं. मुलीला तर लग्नाआधी एकदा आणि लग्नानंतर पुन्हा एकदा सेटल व्हावं लागतं. विचारणाऱ्याच्या डोळ्यापुढे चित्र असतं खुर्चीचं: एकदा बसलं की उठायचं काम नाही. पण सप्टेंबर २००८मध्ये तळेगावात जनरल मोटर्सचा कारखाना सुरू झाला, आणि डिसेंबर २०२०मध्ये तिथलं उत्पादन थांबलं. पुढे कामगार संघटना आणि कंपनी यांचं भांडण कोर्टात गेलं. २०२३मध्ये ह्युंदाईनं तो कारखाना घ्यायचा करार केला. अवघी बारा वर्षं. २००८ साली पंचविशीत तिथे लागलेल्या माणसाला त्या वर्षी सगळे सेटल म्हणाले असणार. कारखाना थांबला तेव्हा तो चाळिशीलाही पोचलेला नव्हता.

बांधकामावरचे लोक ‘सेट’ शब्द जास्त जबाबदारीनं वापरतात. भारतीय मानकाप्रमाणे साधं पोर्टलँड सिमेंट तीस मिनिटांच्या आत सेट व्हायला लागता कामा नये आणि दहा तासांत पूर्ण सेट झालं पाहिजे. पण सेट होणं म्हणजे मजबूत होणं नव्हे, हे तिथे सगळ्यांना ठाऊक असतं. त्यानंतर पाणी मारत राहावं लागतं आणि काँक्रीटची ताकद २८ दिवसांनी तपासतात. माणसाच्या बाबतीत आपण एवढं थांबत नाही. ऑफर लेटर आलं की सेट.

‘सेटल’साठी जुना शब्द ‘स्थिरस्थावर’ आहे, पण तोही तेच आश्वासन देतो. मला त्यापेक्षा ‘जम बसणे’ बरं वाटतं. जम एका दिवसात बसत नाही, तो हळूहळू बसतो, विस्कटतो, पुन्हा बसवता येतो. सेटरचं कामही तसंच आहे. नवा जॉब आला की जुनं सेटिंग मोडायचं, पुन्हा झिरो घ्यायचा, एक-दोन पीस वाया जातील हे धरूनच चालायचं. तेव्हा पुढच्या लग्नसमारंभात कुणी काकांनी ‘मग, सेटल कधी?’ असं विचारलं, तर बिनधास्त सांगा: सेटिंग चालू आहे. फक्त ‘कुठल्या अर्थानं?’ असं त्यांनी विचारलं, तर उत्तर तयार ठेवा.