तारणे आणि बरे करणे : एका क्रियापदाची फाळणी

मराठी ख्रिस्ती साहित्याची चर्चा आपल्याकडे बहुधा धर्मांतराच्या अंगाने होते. त्यामागील तारणाची संकल्पना मात्र ‘मोक्षा’चा केवळ पर्याय म्हणून गृहीत धरली जाते. हे गृहीतक तपासायचे तर नव्या करारातील एका क्रियापदापासून आरंभ करणे इष्ट ठरेल.

ग्रीकमधील ‘सोझो’ हे क्रियापद वाचविणे आणि बरे करणे हे दोन्ही अर्थ वाहते. लूककृत शुभवर्तमानात पापिणी ठरलेली स्त्री (अध्याय 7) आणि बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेली स्त्री (अध्याय 8) यांना उद्देशून येशू विश्वासाविषयीचे एकच विधान करतो. प्रचलित मराठी भाषांतरात मात्र पहिलीचे ‘तारण’ होते, दुसरी ‘बरी’ होते. प्रसंगानुरूप ही निवड समर्थनीय आहे. परंतु तिच्यामुळे आत्मा एका शब्दाकडे आणि देह दुसऱ्या शब्दाकडे जातो. सतराव्या अध्यायात दहा कुष्ठरोगी शुद्ध होतात. परतून आलेल्या एकालाच ‘सोझो’ हे क्रियापद लाभते. तेथेही ‘बरे करणे’ योजले, की उरलेल्या नऊ जणांहून त्याला अधिक काय मिळाले, हा प्रश्नच मिटतो.

पवित्रीकरणाच्या संकल्पनेपाशी हा पेच अधिक गहिरा होतो. प्रॉटेस्टंट ईश्वरविद्या नीतिमान ठरविले जाणे आणि पवित्रीकरण यांत भेद करते : पहिला निवाडा, दुसरी आयुष्यभराची वाटचाल. मराठी वाचकाच्या मनात मात्र ‘पवित्र’ या शब्दाशेजारी सोवळे उभे असते. रक्तस्रावी स्त्रीचा स्पर्शही धर्मशास्त्राने विटाळ मानलेला होता. म्हणून तिचे बरे होणे हे देहापुरते नाही. माणसांत परतणे त्यात अंतर्भूत आहे.

या प्रकाशात लक्ष्मीबाई टिळकांचे 1934 पासून भागाभागांनी प्रसिद्ध झालेले ‘स्मृतिचित्रे’ पाहावे. त्याच्या आरंभी वडिलांचे पराकोटीचे सोवळे आहे. साऱ्या घराला वेठीस धरणारे हे पावित्र्य व्याधीसारखेच भासते. नारायण वामन टिळकांनी 1895 मध्ये बाप्तिस्मा घेतला. पुढे त्यांच्याकडे परतलेल्या लक्ष्मीबाई सोवळेओवळे एकदम टाकीत नाहीत. जातिभेद मनुष्यनिर्मित आहे हे त्यांना उमगते, ते बाप्तिस्म्यापूर्वी. म्हणजे आधी बरे होणे, मग विधी. बाप्तिस्म्यानंतरही भांडणे, चणचण, पतीचा तापट स्वभाव हे सारे चालूच राहते, आणि लेखिका त्याकडे हसून पाहते. हा विनोद केवळ शैलीचा गुण नव्हे. स्वतःला पूर्णत्वास पोचलेले न मानणाऱ्या दृष्टीचा तो आविष्कार आहे. पवित्रीकरण ही प्रक्रिया असते, या जाणिवेशी त्याचे नाते आहे.

आस्वादक समीक्षेने या ग्रंथाचा प्रांजळपणा वाखाणला, श्रद्धावंतांनी त्यात साक्ष पाहिली. दोघांनीही आपापल्या परीने क्रियापदाची फाळणीच मान्य केली : एकाने माणूस घेतला, दुसऱ्याने आत्मा. वस्तुतः भाषांतरात दुभंगलेला तो अर्थ लक्ष्मीबाईंच्या घरगुती गद्यात पुन्हा एकसंध होतो. तेथे तारण परलोकात नव्हे, चुलीपाशी आणि पाण्याच्या भांड्यापाशी घडू लागते. ‘मोक्ष’ या पर्यायाने ते वाचू गेल्यास नेमके हेच हातचे निसटेल.