‘सस्पेक्ट एक्स’ आणि नाव नसलेला माणूस

रायपूरच्या तात्यापाऱ्यात आमचा आठ-दहा जणांचा वाचनगट आहे. महिन्यातून एकदा कुणाच्या तरी घरी जमायचे, पोहे-चहा आणि एक पुस्तक. ज्याला जी भाषा सोयीची त्या भाषेत वाचून यायचे. बोलणे मात्र इथल्या मराठीत, म्हणजे दर दुसऱ्या वाक्यात ‘मतलब’ आलाच पाहिजे. गेल्या खेपेला पुस्तक होते केइगो हिगाशिनो यांचे ‘द डिव्होशन ऑफ सस्पेक्ट एक्स’. मूळ जपानी कादंबरी २००५ची. तिला नाओकी पारितोषिक मिळाले, इंग्रजी अनुवाद २०११ मध्ये आला. जपानी, कोरियन, चिनी चित्रपट झाले आणि २०२३ मध्ये सुजॉय घोष यांनी ‘जाने जां’ या नावाने तिला कालिम्पाँगला आणून बसवले. गटातल्या निम्म्या लोकांनी चित्रपट आधी पाहिला होता आणि पुस्तक नंतर वाचले होते, हे कबूल करून टाकतो.

रहस्य फोडल्याशिवाय या कादंबरीबद्दल कामाचे काही बोलता येत नाही. ज्यांना वाचायची आहे त्यांनी आधी वाचावी, मग इकडे यावे.

यासुको ही घटस्फोटित बाई शाळकरी मुलीला, मिसातोला, घेऊन तोक्योतल्या एका साध्या इमारतीत राहते आणि डब्यांच्या दुकानात काम करते. पूर्वीचा नवरा तोगाशी तिला शोधून काढतो. पैसे मागतो, पुन्हा येत राहणार हे सुचवतो, मुलीबद्दलही वाईट सुचवतो. तो निघताना मिसातो मागून त्याच्या डोक्यात फुलदाणी घालते. तो उलटतो, मुलीला खाली पाडून मारू लागतो. आई शेगडीच्या टेबलाची विजेची वायर त्याच्या गळ्यात अडकवून आवळते, मुलगी त्याचे हात धरते. तो मरतो. भिंतीपलीकडे राहणारा गणिताचा शिक्षक इशिगामी आवाज ऐकून दार वाजवतो आणि सगळे आपल्या हातात घेतो.

हे सारे पहिल्या काही पानांतच उरकते. म्हणजे ‘कुणी केले’ हा प्रश्न हिगाशिनो सुरुवातीलाच निकालात काढतो. उरतो तो ‘कसे लपवले’ हा. आमच्या गटातले एक निवृत्त वकील मात्र तिथेच अडून बसले. ते म्हणाले, “ही बाई पोलिसांकडे का गेली नाही? सुटली असती की.”

त्यांचे म्हणणे ऐकण्यासारखे होते. आपल्याकडे स्वतःच्या बचावाचा हक्क दुसऱ्याच्या शरीराचा बचाव करतानाही असतो. आईने मुलीसाठी हात उचलला तर तो त्यात बसतो. पूर्वी भारतीय दंड संहितेची कलमे ९६ ते १०६, आता १ जुलै २०२४ पासून न्याय संहितेची ३४ ते ४४. जिवाची किंवा जबर दुखापतीची रास्त भीती असेल तर समोरच्याचा जीव गेला तरी कायदा तो गुन्हा मानत नाही. मर्यादा ओलांडली, पण सद्भावनेने, तर खून न राहता सदोष मनुष्यवध होतो. पुरावा देण्याची जबाबदारी आरोपीवर असली, तरी त्याला ती संशयातीत सिद्ध करावी लागत नाही. तसे घडले असण्याची शक्यता दाखवली तरी पुरते. जपानी दंडसंहितेचे ३६वे कलमही बचावात मर्यादा ओलांडणाऱ्याची शिक्षा कमी किंवा माफ करायला मोकळीक देते. वकीलसाहेबांनी फुलदाणीचा पहिला घाव मात्र अडचणीचा मानला, कारण तोगाशी तेव्हा दाराकडे निघाला होता. त्यावर अर्धा तास वाद झाला. पोहे गार झाले.

या कलमांमधला कळीचा शब्द ‘भीती’ आहे. हिंदी संहितेत या हक्काला ‘प्राइवेट प्रतिरक्षा’ असे अर्धे इंग्रजी नाव आहे, मराठीत आपण स्वसंरक्षण म्हणतो. पण नाव काहीही घ्या, न्यायाधीशाला ठरवायचे असते ते एवढेच, की त्या क्षणी त्या माणसाला वाटलेली भीती रास्त होती का. रहस्यकथेला हे जड जाते. तिला ठसे, वेळा, तिकिटे हाताळता येतात. भीतीचा ठसा उमटत नाही. म्हणून निदान माझ्या वाचनातल्या मराठी रहस्यकथेत तरी खोटा आळ आलेला माणूस संपूर्ण निष्पाप असतो. बाबुराव अर्नाळकरांपासून सुहास शिरवळकरांच्या बॅरिस्टर अमर विश्वासपर्यंत लेखकाला सोयीचा आरोपी म्हणजे ‘मी केलेच नाही’ म्हणणारा. खरा गुन्हेगार सापडला की त्याची सुटका होते आणि आपण दिवा मालवतो. ‘हो, माझ्या हातून मेला, पण’ असे म्हणणाऱ्या माणसाला तिथे बसायला जागा नाही. तो आवाज मराठीत ऐकू आला तो रहस्यकथेबाहेर, नाटकात. तेंडुलकरांच्या बेणारेला खेळातल्या खटल्यात आरोपी केले जाते, ती शेवटी बोलते, आणि ती बोलत असताना रंगमंचावरचे बाकीचे सगळे थिजलेले असतात.

हिगाशिनोही यासुकोला बोलू देत नाही, असा माझा पहिला आक्षेप होता. तोगाशीची भीती संपते तिथे पकडले जाण्याची भीती सुरू होते आणि हळूहळू तिसरीच एक भीती घरात शिरते: शेजाऱ्याची. तो रोज सार्वजनिक फोनवरून तिला सूचना देतो. तिला दुसरा एक पुरुष आवडू लागतो, तर त्या दोघांवर त्याची पाळत असल्याचे तिला कळते. एका माणसाच्या ताब्यातून सुटलेली बाई उपकाराच्या ओझ्याने दुसऱ्याच्या ताब्यात जाते. पुढे कळते की ती पाळत, ती धमकीची पत्रेसुद्धा आखणीचाच भाग होती: पकडले जाण्याची वेळ आलीच तर ‘मी एकतर्फी प्रेमात वेडा झालो होतो, मीच मारले’ असा कबुलीजबाब पुराव्यासह द्यायचा. वाचक हळहळतो. पण यासुकोचे ते दिवस तर भीतीतच गेले; ते आखणीतले होते हे कळून ती भीती मागे जाऊन पुसली जात नाही. ही बाजू हिगाशिनो दाखवतो आणि लगेच पुढे सरकतो. त्याचे लक्ष कोड्याकडे आहे.

आणि कोडे अप्रतिम आहे, हे मान्य करायलाच हवे. इशिगामी परीक्षेत भूमितीचा वाटावा पण प्रत्यक्षात वेगळ्याच पद्धतीने सोडवायचा प्रश्न घालतो. पोलिसांना त्याने तसाच प्रश्न घातला आहे. खुनाच्या रात्री मायलेकी कुठे होत्या हे पोलीस खणत राहतात आणि त्यांची साक्ष कुठेच फुटत नाही, कारण त्या खरेच बोलत आहेत. ज्या प्रेतावरून तपास चालला आहे ते तोगाशीचे नाहीच. इशिगामीने दुसऱ्या दिवशी नदीकाठच्या एका बेघर माणसाला मारून, चेहरा विद्रूप करून तोगाशी म्हणून ठेवले आहे. तोगाशीच्या खुनाचा त्याचा कबुलीजबाब खोटा, पण खुनी तो खराच. म्हणून तर तो पोलिसांपुढे डगमगत नाही.

इथे आमची चर्चा रंगात आली होती. कुणी ‘दृश्यम’ काढला. साहजिकच होते, निशिकांत कामत यांनी २०१५ मध्ये हिंदीत आणलेली ती गोव्याची कथा आपल्याला जवळची आहे. साळगावकर कुटुंब, पोलीस महानिरीक्षक मीरा देशमुख, धाकट्या पोरीला मारणारा गायतोंडे. तिथेही मुलीच्या हातून बचावात एक जण मरतो आणि बाप सगळे लपवतो. बाप पोलिसांकडे का जात नाही, हे मात्र तिथे विचारावे लागत नाही: मेलेला पोरगा पोलिसांच्याच घरचा. ‘जाने जां’नेही पूर्वीच्या नवऱ्याला पोलीसखात्यातलाच केला. दोन्ही हिंदी चित्रपटांना एक गोष्ट न सांगता कळलेली आहे: आपल्याकडचा प्रेक्षक ‘पोलिसांकडे का गेली नाहीस’ हे तेव्हाच विचारत नाही, जेव्हा समोर पोलीसच असतो. वकीलसाहेब हसले, पण त्यांनी मुद्दा खोडला नाही.

तेवढ्यात गटातली सर्वांत गप्प असणारी, विजापूर जिल्ह्यात काही वर्षे शिक्षिका असलेली मैत्रीण म्हणाली, “तो दुसरा माणूस कोण होता?”

कुणालाच पटकन कळेना. तिने पुन्हा विचारले. नदीकाठचा.

चर्चेची सुरुवात मी केली होती. टिपणे काढली होती, कायद्याची कलमे काढली होती, भीती कुणाची रास्त मानायची यावर एक चांगले वाक्यही तयार ठेवले होते. त्या माणसाबद्दल माझ्या टिपणात एक ओळ नव्हती. ‘युक्ती’ या शब्दाखाली तो आला होता.

ही मैत्रीण विजापूरची असणे हा योगायोग नाही, असे मला नंतर वाटत राहिले. त्या जिल्ह्यात २८ जून २०१२च्या रात्री सारकेगुडा आणि शेजारच्या पाड्यांवर सुरक्षा दलांनी केलेल्या गोळीबारात १७ माणसे गेली, त्यांत अल्पवयीन मुलेही होती. नक्षलवाद्यांनी आधी गोळ्या झाडल्या, आम्ही बचावात झाडल्या, असे दलांचे म्हणणे. आमच्या हिंदी वर्तमानपत्रांत ‘आत्मरक्षा’ हा शब्द अशाच बातम्यांत भेटतो. मेलेल्यांना नक्षलवादी ठरवले गेले. न्यायमूर्ती व्ही. के. अग्रवाल यांच्या एकसदस्यीय आयोगाचा अहवाल २०१९च्या अखेरीस बाहेर आला: तिथे नक्षलवादी असल्याचा पुरावा नाही, गोळीबार घबराटीतून झालेला दिसतो. दलांची भीती खोटी होती असे मी म्हणणार नाही. अंधारात, जंगलात, भीती वाटलीच असेल. पण एका बाजूची भीती सात वर्षे ‘बचाव’ म्हणून कागदावर राहिली आणि दुसऱ्या बाजूला मेलेल्यांवर आळ राहिला. मेलेला माणूस कुठल्या कोर्टात ‘मी तो नव्हे’ म्हणणार? जिवंत असतील तर निदान तेवढे होते: बुर्कापालच्या हल्ल्याच्या खटल्यात दंतेवाड्याच्या विशेष न्यायालयाने जुलै २०२२ मध्ये १२१ आदिवासींना निर्दोष सोडले. तोवर पाच वर्षे गेली होती.

कादंबरीवर बोलता बोलता बस्तरला जाणे काहींना ओढूनताणून वाटेल. त्या संध्याकाळी दोघांना वाटलेच. माझे म्हणणे इतकेच की रायपूरमध्ये बसून हे पुस्तक वाचणाऱ्याला नदीकाठचा माणूस दिसायला हवा होता, आणि तो मला दिसला नाही.

हार्पर ली यांच्या ‘टू किल अ मॉकिंगबर्ड’मध्येही (१९६०) शेवटी एक मृत्यू लपवला जातो. मुलांवर सुरा चालवणाऱ्या यूएलला बू रॅडली मारतो. खटला झाला असता तर बचाव म्हणून तो सहज सुटला असता, पण त्या बुजऱ्या माणसाला चव्हाट्यावर आणायला नको म्हणून शेरीफ म्हणतो, यूएल स्वतःच्याच सुरीवर पडला. आपल्यालाही ते पटते. मात्र त्याच गावात टॉम रॉबिन्सन या कृष्णवर्णीय माणसावर बलात्काराचा खोटा आळ आलेला असतो आणि त्याची कोंडी अशी, की गोऱ्या मुलीने मिठी मारली तेव्हा तिला ढकलून सुटण्याचीही त्याला सोय नव्हती. तो पळाला, आणि पळणे हाच पुरावा झाला. ली दोन्ही माणसे एका पुस्तकात ठेवतात. एकाला स्वतःला वाचवता येत नाही, दुसऱ्याला खटल्यावाचून सोडून दिले जाते. टॉमचा मात्र खटला आपण पानोपानी ऐकलेला असतो, त्याचा अधू डावा हात आपल्या लक्षात राहतो.

हिगाशिनोने त्या बेघर माणसाला यातले काही दिलेले नाही. इंग्रजी शीर्षकातला शब्द ‘डिव्होशन’. मूळ जपानी ‘केन्शिन’ म्हणजे स्वतःला वाहून देणे. मराठीत बळी या शब्दाची दोन्ही टोके एकत्र असतात: बळी जातो आणि बळी दिला जातो. इशिगामीने स्वतःचा बळी दिला असे शीर्षक सांगते. त्याने आधी दुसऱ्याचा दिला, हे शीर्षक सांगत नाही. मग हे लेखकाचे आंधळेपण की वाचकासाठी लावलेला सापळा? घरी येऊन मी पहिले प्रकरण पुन्हा काढले.

इशिगामी सकाळी शाळेत निघतो. नदीकाठाने निळ्या ताडपत्र्यांच्या झोपड्या आहेत. एक जण डबे चेपतो आहे, नेहमीसारखा. एक जण तिथे नवा आहे. अजून त्याचे केस वाढलेले नाहीत, तो एक तांत्रिक मासिक वाचत बसलेला असतो, म्हणून इशिगामीने मनातल्या मनात त्याला ‘इंजिनिअर’ म्हणायला सुरुवात केली आहे. म्हणजे हिगाशिनोने तो दाखवला होता. काम शोधायची आशा अजून न सोडलेला माणूस, इतके कळेल असा दाखवला होता. मी तोगाशी कधी येतो याची वाट पाहत ते पान उलटले होते.

मैत्रिणीला फोन करून हे वाचून दाखवले. ती म्हणाली, “पण नाव?”

मी पुन्हा शोधले. नाव नाही.